लोणारच्या विवरात किती जणांनी उतरावे?

यंदाच्या हिवाळी सहलीसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी लोणारचे नाव पुढे केले आणि सोबत वेळापत्रकही आणले. पहाटे नागपूर सोडायचे, समृद्धी महामार्गाने मेहकर गाठायचे, दुपारी विवरात उतरायचे आणि रात्री घरी परतायचे. डिसेंबर २०२२ मध्ये या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून हे शक्य झाले आहे, यात शंका नाही. परंतु जे शक्य झाले ते इष्टही आहे काय, हा प्रश्न केवळ आमच्या सहलीपुरता नाही.

लोणारचे विवर ज्वालामुखीचे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तो अगदीच निराधार नव्हता. कारण भोवतालचा काळा पाषाण लाव्हारसापासूनच बनलेला आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील खडकांत मास्केलिनाइट ही केवळ प्रचंड आघाताने निर्माण होणारी काच आढळल्याची नोंद झाली आणि हे विवर उल्कापाताचे, हे मत स्थिरावले. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सव्वाशे मीटरांहून अधिक. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला मात्र यातील निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सरोवरात झऱ्यांचे पाणी येते, पावसाचे येते. बाहेर पडणारा प्रवाह एकही नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. ज्या वहीत जमेचीच बाजू तेवढी आहे, अशी ही वही! एके काळी येथील क्षार दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांनी काढून विकले जात. ती खर्चाची बाजूही केव्हाच बंद झाली.

तेव्हा डोंगरावर टाकलेला कचरा आणि विवरात टाकलेला कचरा यांत मूलतः भेद आहे. हा हिशेब किती नाजूक आहे, ते जून २०२० मध्ये दिसले. पाणी घटले, क्षारता वाढली, क्षारप्रिय सूक्ष्मजीव बळावले आणि सरोवर गुलाबी झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. मानसन्मान वाढला, तशी प्रसिद्धीही वाढली. गावाच्या सांडपाण्याचा प्रश्न तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पूर्वीच पोहोचला होता.

मग गर्दी आवरावी कशी? जपानने २०२४ साली फुजी पर्वताच्या योशिदा वाटेवर दिवसाला ४,००० जणांची मर्यादा घातली आणि २,००० येन शुल्क लावले. पुढल्या वर्षी ते शुल्क दुप्पट केले. यातील पहिला उपाय आपण उचलावा, दुसरा उचलताना विचार करावा. जबर शुल्काने गर्दी ओसरते हे खरे. पण ओसरतो तो कारकुनाचा संसार आणि महाविद्यालयातला मुलगा. मोटारीतून येणाऱ्यास त्याची झळ लागत नाही. आगाऊ नोंदणी करून ठरावीक संख्येच्या तुकड्या स्थानिक वाटाड्यासह खाली सोडणे हा त्याहून न्याय्य मार्ग होय. त्यासाठी घेतलेले माफक शुल्क मुंबईच्या तिजोरीत न जाता लोणारातच खर्च व्हावे, हे ओघाने आलेच.

एका दिवसाच्या सहलीत गावाच्या पदरी काय पडते? पैसा जातो तो डिझेलला आणि टोलला. लोणारला मिळतो चहाचा गल्ला आणि प्लास्टिकच्या बाटल्या. प्रवासी जितका लवकर परततो, तितका गावाचा वाटा कमी. म्हणून आम्ही वेळापत्रक बदलले. संध्याकाळी दैत्यसूदन मंदिर पाहायचे, मुक्काम करायचा आणि सकाळच्या गारव्यात विवरात उतरायचे. वैदर्भीय उन्हात ती चढण परत चढणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना याचे कारण सांगावयास नको.

पण येथे आमचीच पंचाईत झाली. मुक्कामामुळे वर्गणी वाढली आणि यादीतील काही नावे मुकाट्याने गळाली. शुल्काविरुद्ध जो युक्तिवाद मी वर केला, तो माझ्याच वेळापत्रकावर उलटला, हे मला नाकारता येत नाही. सुट्टीच्या दिवसांत तेथील शाळांच्या इमारती विद्यार्थ्यांच्या मुक्कामासाठी नाममात्र भाड्याने मिळाल्या, तर ही नावे परत येतील. आराखड्यांत प्रेक्षणस्थळे आणि वाहनतळ सुचविणाऱ्यांनी या एका सतरंजीच्या सोयीचाही विचार करावा.