पिलांची हगवण : औषधाच्या आधी पारख

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाच्या आयुष्यातील पहिले तीन आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. या अवधीत पिलांची मागची बाजू घाण झालेली दिसली की दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणावयाची व ती पिण्याच्या पाण्यात विरघळवावयाची, अशी प्रथा गावोगाव रूढ झाली आहे. ही प्रथा सोडून देणे पालकाच्या व समाजाच्याही हिताचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हगवण हा रोग नव्हे. ते अनेक रोगांचे लक्षण होय. कारण न ओळखता दिलेले औषध पैसा खर्च करविते, वेळ दवडते आणि पुष्कळदा खऱ्या दोषावर पांघरूण घालते.

कारण ओळखावयाचे कसे? त्यासाठी प्रथम पिलाचे वय विचारावे, नंतर विष्ठेचा रंग पाहावा आणि शेवटी जागा तपासावी. एवढ्या तीन गोष्टी नीट केल्या तरी निम्मे निदान होते.

पहिल्या दोनचार दिवसांत गुदद्वाराशी विष्ठा चिकटून ते बुजते, पण पिलू एरवी चपळ असते, अशा वेळी कारण बहुधा गारठा, अति उष्णता किंवा प्रवासाचा शीण हे असते. कोमट पाण्याने भिजवून ती विष्ठा हलक्या हाताने काढावी व पिलू कोरडे करून उबेत सोडावे. वाळलेली विष्ठा ओढून काढू नये. कोवळी कातडी फाटते. येथे औषधाची गरज नाही. पहिल्या आठवड्यात कृत्रिम दाईखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस म्हणजे ९५ अंश फॅरनहाइट उष्णता ठेवून ती दर आठवड्यास सुमारे ३ अंश सेल्सिअसने कमी करावी. उष्णतामापक नसेल तर पिलेच सांगतात. ती दिव्याखाली एकावर एक गोळा झाली तर थंडी आहे, कडेला पांगून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त आहे, आणि सर्वत्र सारखी पसरून खात-पीत असली तर ऊब योग्य आहे.

त्याच आठवड्यात पिलाचे पोट फुगलेले, बेंबी ओली अथवा काळसर आणि अंगास दुर्गंधी असेल, तर तो बेंबीचा व पोटातील बलकाचा संसर्ग समजावा. त्याचे मूळ घाणेरड्या अंड्यांत किंवा अस्वच्छ उबवणी यंत्रात असते. अशी पिले औषधाने क्वचितच वाचतात. येथे उपाय पुढील खेपेसाठी करावयाचा असतो : अंडी स्वच्छ ठेवणे आणि यंत्राची स्वच्छता राखणे.

पांढरी, खडूसारखी विष्ठा, मिटलेले डोळे, गळलेले पंख, विष्ठा टाकताना केविलवाणे ओरडणे आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाढत जाणारी मरतूक, ही चिन्हे पुलोरम रोगाकडे बोट दाखवितात. या रोगाचे जंतू कोंबडीच्या अंडाशयातून अंड्यात व अंड्यातून पिलात उतरतात. औषधाने मरतूक कमी होते, परंतु वाचलेली पिले जंतू अंगात बाळगून मोठी होतात आणि पुढे त्यांच्याच अंड्यांतून रोग फैलावतो. म्हणून अशा खेपेतील पक्षी वंशवृद्धीसाठी कधीही ठेवू नयेत. एखाद्या गावठी कोंबडीची पिले दरवेळी पांढऱ्या हगवणीने मरत असतील, तर तिची अंडी उबवण्यास ठेवण्याचे थांबवावे.

रक्तमिश्रित हगवण ही निराळीच बाब होय. ती कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परोपजीवीमुळे होते व बहुधा तिसऱ्या आठवड्यापासून दिसते. हा जीव ओल्या व उबदार गादीत एकदोन दिवसांतच संसर्गक्षम होतो. यावर ॲम्प्रोलियम हे औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत पाण्यातून द्यावे. ते चालू असताना ब जीवनसत्त्वाचे मिश्रण देऊ नये, कारण त्यातील ब-१ मुळे औषधाचा परिणाम कमी होतो. परंतु गादी ओली ठेवून औषध पाजणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. भाताचे तूस रोज उलथावे, ओला भाग काढून टाकावा आणि पाण्याची भांडी थोडी उंचीवर ठेवावी.

हिरवट हगवणीबरोबर घरघर, मान पिळवटणे किंवा पाय लुळे पडणे दिसले, तर मानमोडीचा म्हणजे राणीखेतचा संशय घ्यावा. त्यास औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लसोटा लशीचा थेंब देणे, हाच खरा बंदोबस्त.

काही कार्यकर्ते विचारतील की, दहावीस पिले पाळणाऱ्या माउलीने एवढी पारख करीत बसावे काय? पुडी स्वस्त आहे व हाताशी आहे. हा प्रश्न खरा आहे. पण उत्तर पुडीत नाही. गारठलेल्या पिलास प्रतिजैविक दिल्याने ऊब मिळत नाही, आणि मानमोडीच्या विषाणूवर ते चालतच नाही. ज्या माउलीचा मिठामिरचीचा खर्च अंड्यांवर निघतो, तिची खेप आणि पैसा दोन्ही अशा वेळी जातात. शिवाय औषधाच्या वारंवार व अपुऱ्या मात्रांनी जंतू निर्ढावतात, आणि असे जंतू खुराड्यापुरते राहत नाहीत. माणसांच्या अखेरच्या उपचारात लागणारे कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांसह अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता बनविण्यास व विकण्यास केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये बंदी केली, ती याच कारणाने.

मात्र सर्व भार पालकावर टाकणे न्याय्य नव्हे. पुलोरम रोग पिलांत दिसत असला तरी तो निपटावयाचा असतो मातापक्ष्यांत. रक्तचाचणी करून रोगवाहक कोंबड्या वगळणे हे पिले विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. म्हणून गटाने पिले खरेदी करताना मातापक्ष्यांची चाचणी झाली आहे काय, हे लेखी विचारावे. दहा गावांनी असे विचारले, तर विक्रेत्यास उत्तर द्यावेच लागेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस आमची सूचना अशी : पिशवीत पुड्यांऐवजी उष्णतामापक ठेवा. पिले मरू लागताच वय, विष्ठेचा रंग व रोजची मरतूक यांची नोंद करा. आजारी पिले वेगळी काढा. ताजी मेलेली दोनतीन पिले पिशवीत बांधून, बर्फात ठेवून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तेथून ती गरजेप्रमाणे पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठविता येतील. उरलेली मृत पिले उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि हात साबणाने धुवा.

ऊब, कोरडी गादी, स्वच्छ पाणी व निरोगी मातापक्षी ही चार औषधे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. ती जेथे आहेत तेथे पुडीची गरज क्वचितच पडते; जेथे नाहीत तेथे पुडीचा उपयोग होत नाही.