थंडीतला रंग पानांचा

हिवाळी अंकाचं मुखपृष्ठ शेवंतीचंच, हा आमच्याकडचा अलिखित नियम. यंदा तिथे ब्रोमेलियाड आहे, माझ्या हट्टामुळे.

हे अननसाचं कुळ, जवळजवळ सगळं अमेरिका खंडातलं. ब्राझीलचे उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी या झाडांना बागेत मानाचं स्थान दिलं; रिओ द जानेरोतली त्यांची बाग २०२१पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

या कुळातल्या गझमानियाचा लालभडक तुरा म्हणजे फूल नव्हेच, ती रंगीत सहपत्रं. म्हणून तो महिनोन्महिने टिकतो. खरी फुलं त्याच्या आत, इवलीशी आणि अल्पजीवी. निओरेजेलियाचा रंग मात्र उजेडावर अवलंबून. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यातलं कोवळं ऊन मिळालं की पानं लाल होतात, अंधाऱ्या बाल्कनीत हिरवी पडतात. पूर्ण वाढलेलं झाड फुलत नसेल तर त्याच्या पानांमधलं पाणी ओतून टाका आणि पिकलेल्या सफरचंदासह आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीत ठेवा. फळातून निघणारा इथिलीन वायू फुलोऱ्याला चालना देतो. तुरा दिसायला मात्र काही आठवडे लागतात.

एकदा फुललं की मूळ झाड हळूहळू वाळतं, पण बुडाशी पिल्लं सोडून जातं. विकताना हे क्वचितच कुणी सांगतं. मग ग्राहक पिल्लांसकट कुंडी टाकून देतो, याची चीड येते.

आणि डेंग्यूचे डास! पानांच्या मधल्या पेल्यात पाणी साचतं, तेव्हा दर आठवड्याला कुंडी कलती करून ते बदलाच. लागवडीचं मिश्रण आणि खतांविषयी आत सविस्तर आहे.