चालता-बोलता श्रममापन

वसई-विरार महापालिकेच्या डिसेंबरातील मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर धावणारे धावपटू पाहून, ज्येष्ठ वाचकहो, आपल्याही पावलांना उभारी येत असेल. अशा कसलेल्या धावपटूंचा दमसास प्रयोगशाळेत सरकत्या पट्ट्यावर धावायला लावून मोजतात. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरते आणि कोणत्या वेगाला रक्तातील लॅक्टेट झपाट्याने वाढू लागते, हे त्यात पाहतात. या मर्यादेच्या आसपास सलग बोलणे कठीण होऊ लागते.

हीच खूण आपल्याला कोणत्याही उपकरणाविना उपयोगी पडते. चालताना पूर्ण वाक्य सहज बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम असतात. दोन-चार शब्दांतच धाप लागली, तर गती कमी करावी. केवळ नाडीवर विसंबू नये. बीटा-ब्लॉकर औषध घेणाऱ्यांची नाडी श्रम वाढले तरी फारशी वाढत नाही. मनगटी घड्याळातील आकडा त्यांना खोटा दिलासा देतो.

म्हणून सोबत्याने पुढे न जाता बाजूने चालावे आणि ज्येष्ठांना बोलते ठेवावे. छातीत दडपण किंवा घेरी जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.