कचरा गेला, माती तिथेच आहे

३० जून २०२५ च्या पहाटे धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या भट्टीत भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा उरलासुरला कचरा जळाला आणि त्या आठवड्यात मला नातेवाइकांचे फोन आले. "सुटलात बाई एकदाच्या," जळगावची वहिनी म्हणाली. बातम्यांतही सूर तोच होता, भोपाळचा चाळीस वर्षांचा कलंक पुसला गेला. मला हे मान्य नाही. जळाला तो ३३७ टन कचरा होता. २००५ च्या सुमाराला तो गोळा करून, पोत्यांत आणि पिंपांत भरून कारखान्याच्याच आवारात कुलूप लावून ठेवला होता. लोकांच्या हातपंपांत उतरलं ते विष या पोत्यांतलं नव्हे. ते जमिनीत आहे आणि आजही तिथेच आहे.

आपल्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर या जागेचा अभ्यास केला होता. २०१० च्या त्या अहवालात दूषित मातीचा अंदाज आहे ११ लाख टन. ११ लाखांसमोर ३३७ ठेवून बघा.

लग्न होऊन मी भोपाळला आले ती भेलच्या वसाहतीत. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा वारा जुन्या शहराकडे होता म्हणून आम्ही वाचलो, याहून दुसरं कारण नाही. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड, रेल्वे कॉलनी इथली माणसं झोपेतून उठून धावली आणि धावता धावता पडली. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरलं, सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं, थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळणारा मनोराही बंद होता. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल.

पुढे मी बैरसिया रोडवरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागले. कारखान्यामागच्या वस्त्यांतली मुलं त्या शाळेत येत. अन्नू नगरमधली एक मुलगी एकदा घरच्या हातपंपाचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली. "मॅडम, इसमें दाल नहीं गलती, और बास आती है. देखो ना क्या है इसमें." आम्ही प्रयोगशाळेत जे करता येतं ते केलं. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, पांढरा साका आला, क्लोराइड आहे एवढं कळलं. ते तर साध्या विहिरीच्या पाण्यातही असतं. पण जो क्लोरीन कार्बनला घट्ट बांधलेला असतो, डायक्लोरोबेंझीन, ट्रायक्लोरोबेंझीन, हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन अशा संयुगांतला, तो या परीक्षेत दिसतच नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो आणि तो शाळेत नसतो. वर्गासमोर उभं राहून मी त्या मुलीला सांगितलं की आपल्याला कळत नाही म्हणजे पाणी चांगलं आहे असं नाही, घरी हे पिऊ नका. "फिर क्या पिएं?" तिने विचारलं. टँकर आठवड्यातून कधी यायचा, कधी यायचा नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण शिकलेल्या लोकांतही तिचा घोटाळा होतो. त्या रात्रीचा वायू जमिनीत राहिलेला नाही. पाणी लागलं की त्याचं विघटन होतं. जमिनीत आहे ते दुसरंच. सेविन हे कीटकनाशक बनवताना उरणारी द्रव्यं, कारखाना १९६९ मध्ये सुरू झाल्यापासून आवारात टाकलेली, आणि १९७७ मध्ये कुंपणाबाहेर सुमारे ३२ एकरांवर बांधलेल्या सौर बाष्पीभवन तलावांत सोडलेली. तलावांच्या तळाला प्लास्टिकचं अस्तर होतं. ते गळतंय हे कंपनीला १९८२ मध्येच कळलं होतं. म्हणजे अपघात झाला नसता तरी हे पाणी नासलंच असतं. १९९९ मध्ये ग्रीनपीसने इथल्या मातीत पारा आणि क्लोरीनयुक्त संयुगं दाखवून दिली. लखनौच्या विषविज्ञान संस्थेच्या २०१८ च्या अहवालापर्यंत दूषित भूजलाच्या वस्त्या ४२ झाल्या होत्या. काही हातपंपांना सरकारने लाल रंग दिला आणि पाणी पिण्यालायक नाही असं लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं, तरी २००६ मध्ये बायका-मुलांना त्यासाठी दिल्लीपर्यंत पायी जावं लागलं.

आणि नुकसानभरपाई? १४ फेब्रुवारी १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड ही वायूची होती. त्यातून बहुतेकांना २५,००० रुपये मिळाले, पुढे व्याजातून तितकेच आणखी. तीही थट्टाच, पण निदान त्यांचं नाव कागदावर तरी आहे. जी कुटुंबं १९८४ नंतर स्वस्त जागा म्हणून अटल अयूब नगरात आली, ती 'गैस पीड़ित' नाहीत. वस्तीत त्यांना 'पानी पीड़ित' म्हणतात, सरकारी यादीत त्यांना काहीच म्हणत नाहीत. माझी ती विद्यार्थिनी अशाच घरातली होती.

जळालेली जमीन पुन्हा बरी होते, हे आपण बघतो. मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात मोहाची फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात, आग हाताबाहेर जाते आणि डोंगरच्या डोंगर काळे होतात. तरी जूनच्या पावसानंतर तिथे गवत उगवतं आणि ते गुरांना चालतं. कार्बाइडची जमीनही आज हिरवी आहे, आणि फसगत होते ती इथेच. आत झाडोरा माजला आहे. पडलेल्या भिंतीतून शेळ्या शिरतात, पोरं क्रिकेट खेळतात, पावसाळ्यात जुन्या तलावांत म्हशी डुंबतात. बघणाऱ्याला वाटतं, जमीन बरी झाली.

विषारी जमिनीचं काय करता येतं ते इटलीत दिसलं. तिथल्या सेवेसोत १० जुलै १९७६ ला कारखान्यातून डायऑक्सिन पसरलं. तिथे सर्वांत दूषित पट्ट्यातली घरं पाडली, वरची माती खरवडून अस्तर लावलेल्या खड्ड्यांत बंद केली आणि त्यावर ओकचं वन वाढवलं. लोकांच्या तब्येतीच्या नोंदी कित्येक दशकं चालू ठेवल्या. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) वायुग्रस्तांचा मोठा अभ्यास १९९४ मध्ये थांबवला. कारखान्याची जमीन १९९८ मध्ये राज्य सरकारकडे आली, २००१ मध्ये डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीने कार्बाइड विकत घेतली, २००५ मध्ये केंद्राच्या रसायन खात्याने सफाईसाठी डाऊकडून १०० कोटी रुपयांची अनामत मागितली. डाऊ म्हणते जबाबदारी आमची नाही. एवढ्या काळात एक अख्खी पिढी ते पाणी पिऊन मोठी झाली.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याने घाण केली त्यानेच ती काढावी, पण न्यायालयात तो निकाल लागेपर्यंत सरकारने फावडं खाली ठेवू नये. भूजल आज कुठपर्यंत नासलंय याची नव्याने तपासणी करून नकाशा वस्तीवस्तीत लावावा. आधी तलावांची माती, मग आवाराची, असं काम टप्प्याटप्प्याने सुरू करावं. पाणी पिऊन आजारी पडलेल्यांची वेगळी यादी करावी आणि त्यांना गॅस राहत रुग्णालयांत मोफत उपचार मिळावेत. या जागेवर स्मारकाच्या योजना अनेक वर्षं निघत आहेत. खालची माती साफ केल्याशिवाय वर संगमरवर घालणं मला अत्यंत चुकीचं वाटतं. आणि हे विष पुन्हा दुसऱ्या गरीब गावाच्या माथी मारू नये. जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनर धार जिल्ह्यात पोचले तेव्हा पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. मराठा पवार घराण्याच्या धारशी आपलं जुनं नातं आहे, पण त्यांच्या भीतीची दखल मराठी वृत्तपत्रांनी फार घेतली नाही. कचरा जाळल्यावर ८०० टनांहून अधिक राख उरली, कारण जाळताना चुना मिसळावा लागतो. ती राखही कुठेतरी पुरावीच लागणार.

हे मी महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी लिहितेय, कारण लोटे, महाड, तारापूर, डोंबिवली इथल्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहती तुमच्याजवळ आहेत. मे २०२४ मध्ये डोंबिवलीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा मृतांची मोजदाद झाली, फुटलेल्या काचांचीही झाली. जमिनीचं काय, हे किती जणांनी विचारलं? तुमच्या जवळच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या विहिरींचा आणि बोअरवेलचा तपासणी अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागा. लेखी मागा. त्यात नुसता क्षार आणि जडपणा लिहिला असेल, सेंद्रिय क्लोरीन संयुगं आणि पारा-शिसं यांचे आकडे नसतील, तर त्या पाण्याची तपासणी झालेली नाही असं धरा आणि पुन्हा अर्ज करा.