रियाद : अंगणाची किंमत

मोरोक्कोतील माराकेश किंवा फेस येथे जाणाऱ्या प्रवाशापुढे मुक्कामाचा प्रश्न बहुधा एकाच रूपात मांडला जातो : आलिशान रियाद निवडावा की स्वस्तातला? प्रश्न खिशाचा आहे, हे उघड आहे. परंतु तो केवळ खिशाचा नाही, असे आम्हांस वाटते.

'रियाद' हा अरबी शब्द मूळचा बागेचा वाचक. रस्त्याच्या बाजूस उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंती. आत मधोमध अंगण, त्यात झाडे आणि कारंजे. सर्व खोल्यांची तोंडे त्या अंगणाकडे. अंगण लहान व बिनझाडांचे असेल तर ते घर 'दार' म्हणवते; पर्यटनाच्या बाजारात मात्र दोन्ही रियाद म्हणूनच खपतात. पुण्यातील जुन्या वाड्याचा चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही अंतर्मुख रचना परकी वाटणार नाही.

ही घरे परक्या नजरेसाठी बांधलेलीच नव्हती. एलियास कानेटी १९५४ मध्ये माराकेशला गेले होते. गच्चीवरून शेजारच्या घरांकडे पाहणे तेथे अशिष्ट मानले जाते, हे त्यांनी आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. फातिमा मर्निसी यांच्या 'ड्रीम्स ऑफ ट्रेसपास' (१९९४) मध्ये फेसमधील अशाच घराचे अंगण स्त्रियांची सीमा होऊन येते, तर गच्ची त्यांच्या खेळांची व नाटकांची जागा होते. आज त्याच प्रकारच्या गच्च्यांवर पाहुण्यांची न्याहारी मांडली जाते, महागड्या रियादात आणि स्वस्त रियादातही. म्हणून खरा प्रश्न असा की, मुळात आपल्यासाठी नसलेल्या घरात आपण कोणत्या अटींवर शिरतो?

आलिशान रियादाच्या बाजूने एक गोष्ट निःसंशय मान्य केली पाहिजे. झेलिजच्या फरशा, साबणाने घोटलेला तादलाकतचा चुनेगच्ची गिलावा, देवदाराचे कोरीव छत ही कामे खर्चिक आहेत. जीर्णोद्धारासाठी पैसा आला म्हणून अनेक कारागिरांच्या हातांना काम मिळाले. परंतु ऐषारामाची स्वतःची एक तर्कसंगती असते. शेजारची दोन-तीन घरे जोडली की अंगणाचे स्वागतकक्ष होते आणि कारंज्याच्या जागी पोहण्याचा हौद येतो. या तर्काचे टोक पाहायचे तर माराकेशमधील 'रॉयल मन्सूर' पाहावे. २०१० मध्ये उघडलेल्या या हॉटेलात ५३ स्वतंत्र रियाद नव्याने बांधले असून सेवकवर्गाची ये-जा भुयारी मार्गांनी होते. जुन्या शहराचा आकार जपला. त्यात राबणारी माणसे तेवढी जमिनीखाली गेली!

स्वस्त रियादात खोलीची खिडकी अंगणातच उघडते, त्यामुळे प्रत्येक संभाषण कानी पडते. जिने अरुंद, हिवाळ्यात गारठा. पण या गैरसोयी घराच्या आहेत. त्या सोसताना आपण घरात राहतो आहोत, याचे भान सुटत नाही.

अर्थात स्वस्त म्हणजे निर्दोष, असेही नव्हे. अतिथिगृह झालेले प्रत्येक घर गल्लीतून एक कुटुंब वजा करते, मग भाडे कितीही असो. फरक पडतो तो उपभोगाच्या प्रमाणात. दीर्घ अवर्षणामुळे २०२४ च्या आरंभी मोरोक्कोतील अनेक शहरांत सार्वजनिक हमामखाने आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवण्याचे आदेश निघाले. ज्यांच्या घरी स्नानाची धड सोय नाही, त्यांचे स्नान थांबले. अशा देशात अंगणातील खाजगी हौद हा केवळ अभिरुचीचा प्रश्न उरत नाही.

आमचा कौल म्हणूनच लहान, एकाच अंगणाच्या, शक्यतो तेथील कुटुंबाने चालवलेल्या रियादाला आहे. निवडताना ताऱ्यांची संख्या पाहू नये. दोन प्रश्न विचारावेत : अंगणात झाड आहे की हौद? आणि घराचा मालक त्याच शहरात राहतो का? स्नानाला गल्लीतील हमामखाना आहे, रोटीला मोहल्ल्याची सामाईक भट्टी आहे. तेथे जावे, रांगेत उभे राहावे. आणि गच्चीवर न्याहारी करताना नजर शेजारच्या अंगणात जाणार नाही, एवढे पाहावे.