केसांचा धंदा आणि बायकांची ताकद



बाईचे केस ही तिची खाजगी बाब कधीच नव्हती. ज्या समाजाने विधवांचं केशवपन केलं, त्या समाजात वाढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांवर तर पुरुषसत्तेबरोबर वंशद्वेषानेही हक्क सांगितला. १७८६ साली लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने, गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनीसुद्धा डोकं फडक्याने बांधलं पाहिजे, असा हुकूम काढला. पुढे त्यांचे दाट कुरळे केस नोकरीला, शाळेला 'शोभत नाहीत' असं ठरलं. अशा केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ साली. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य.

पण या स्त्रियांनी याच केसांमधून रोजगार उभा केला आणि रोजगारातून संघटना. सारा ब्रीडलव्ह ही गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांची मुलगी. लहानपणी पोरकी झाली, विसाव्या वर्षी विधवा. तिने कित्येक वर्षं लोकांचे कपडे धुतले. तिचे स्वतःचे केस गळत होते. १९०६ पासून मादाम सी. जे. वॉकर या नावाने तिने केसांचं मलम विकायला सुरुवात केली आणि हजारो बायकांना विक्रेत्या म्हणून तयार केलं. १९१७ साली फिलाडेल्फियाला या विक्रेत्यांचं अधिवेशन भरलं. तिथे केवळ विक्रीची चर्चा झाली नाही. जमावाकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध कायदा करा, अशी मागणी या बायकांनी थेट राष्ट्राध्यक्षांकडे केली.

ही हिंमत कुठून आली? याचं उत्तर दक्षिण कॅरोलिनात मिळतं. नागरी हक्कांच्या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ साली सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेची नोकरी गेली. १९५७ च्या जानेवारीत जॉन्स बेटावर प्रौढांना मतदार नोंदणीपुरतं लिहावाचायला शिकवणारा वर्ग सुरू झाला, तेव्हा शिकवायला उभी राहिली बर्निस रॉबिन्सन. ती पार्लर चालवायची. तिची गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय बायकाच होत्या, त्यामुळे कोणी गोरा मालक तिला कामावरून काढू शकत नव्हता.

या कहाणीला दुसरी बाजूही आहे. केस सरळ करणं म्हणजे गोऱ्या सौंदर्याची नक्कल, अशी टीका वॉकरबाईंच्या काळातही झाली. पुढे तापवलेल्या कंगव्याच्या जोडीला रसायनं आली. केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं, असं २०२२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. कारण सिद्ध झालेलं नाही, पण इशारा गंभीर आहे. मालकीचाही प्रश्न आहेच. लिसा प्राइस यांनी १९९३ साली ब्रुकलिनमधल्या आपल्या स्वयंपाकघरात सुरू केलेला 'कॅरल्स डॉटर' हा उद्योग २०१४ साली लॉरिआल या बड्या कंपनीने विकत घेतला.

या बाजाराशी आपलंही नातं आहे. तिरुपतीला नवस फेडताना भाविक, त्यात असंख्य बायका, जे केस देतात, त्यांचा देवस्थान लिलाव करतं. त्यातले लांब केस गंगावनं आणि टोपांसाठी परदेशात जातात. देणारीच्या हातात एक पैसा पडत नाही.

बचत गटांबरोबर काम करताना मला हे सगळं फार जवळचं वाटतं. गटाच्या वहीत हप्ता लिहिला जातो, पण हप्ता भरणारीच्या पाठीवरचे वळ लिहिले जात नाहीत. कर्जफेड शंभर टक्के झाली की गट 'यशस्वी' ठरतो. मला हा हिशेब अपुरा वाटतो. बाईच्या कमाईने तिला बोलायचं बळ दिलं का, हे विचारायला हवं.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन प्रश्न जरूर घ्या. आपल्या मालाचा भाव कोण ठरवतं? नाव आणि मालकी कोणाची? आणि आपल्यातल्या एकीवर अन्याय झाला, तर हा गट तिच्यासाठी उठून उभा राहील का? चर्चा झाली की आम्हाला कळवा.