कुत्र्याचा तळवा आणि दुकानाची पायरी

सकाळी दुकान उघडून झाडलोट आणि दिवाबत्ती आटोपते न आटोपते तोच पायरीशी एखादा कुत्रा येऊन उभा राहतो, हा इंदूरच्या कोणत्याही बाजारातला नित्याचा देखावा आहे. सियागंजातील किराण्याच्या पेढ्या असोत, कापड मार्केटातील गाळे असोत की सराफ्यातील दुकाने असोत, त्याला पोळीचा तुकडा किंवा चार बिस्किटे घातल्याशिवाय गल्ल्याला हात न लावणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. ही रीत चांगली आहे आणि ती चालू राहावी. परंतु तुकडा टाकताना आपली दृष्टी त्याच्या तोंडाकडे असते. ती थोडी खाली, त्याच्या पंजांकडे वळावी, एवढी विनंती करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. त्या कुत्र्यांपैकी कितीतरी तीन पायांवर चालत येतात आणि चौथा उचलून धरतात. तो का उचलला आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

अशी चौकशी करणे हे व्यापाऱ्याचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. इतिहासाची साक्ष निराळी आहे. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज खवळून उठला, आणि हिंदू, जैन व इतर समाजही त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. आज पांजरापोळ म्हटले की गायीगुरे डोळ्यांसमोर येतात. पण मुंबईच्या त्या संस्थेच्या मुळाशी रस्त्यावरचा कुत्रा होता आणि तिच्या पाठीशी पेढीवरची माणसे होती, याचे विस्मरण आपल्याला होऊ नये.

आता प्रत्यक्ष तळव्याकडे येऊ. कुत्र्याच्या प्रत्येक पंजाखाली चार बोटांच्या चार लहान गाद्या व त्यांच्या मागे एक मोठी गादी असते. पुढच्या पायांना वर मनगटापाशी आणखी एक लहान गादी असते. वरची कातडी जाड व खरखरीत, आतून चरबीचा मऊ थर. निसर्गाने त्याला दिलेली ही वहाणच होय. मात्र ही वहाण काढून ठेवता येत नाही आणि फाटली तर बदलता येत नाही. गादीला रक्तपुरवठा भरपूर असल्याने लहानशा चिरेतूनही बरेच रक्त जाते. शिवाय पाऊल टेकले की वजनाने गादी पसरते आणि जखमेच्या कडा फाकतात. त्यामुळे पाठीवरची जखम जितक्या लवकर भरते तितक्या लवकर तळव्याची भरत नाही.

या जखमा होतात कशाने? आपल्याच दुकानासमोरचा रस्ता एकदा निरखून पाहावा. खोक्यांच्या पिना, फळ्यांचे खिळे, गाठी आवळण्याच्या पत्र्याच्या पट्ट्यांचे तुकडे, फुटलेल्या बाटलीची काच, खाद्यपदार्थांच्या गाड्यांवरच्या काड्या, पोती शिवण्याच्या सुतळीचे आणि रबराचे वेटोळे. हे वेटोळे बोटात किंवा पायात अडकले की हळूहळू आवळत जाते आणि मांसात रुतते. रंगकाम झाल्यावर सांडलेला चुना, गटाराच्या तोंडाशी ओतलेले जहाल धुण्याचे रसायन, नव्या रस्त्याचे ताजे डांबर यांनीही तळवे भाजतात. यांतील बराच भाग बाजाराने निर्माण केलेला आहे, आणि बाजार म्हणजे आपणच.

उन्हाची गोष्ट वेगळी सांगावयास हवी. वैशाखात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डांबरी रस्ता हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती सहन न झाल्यास तो रस्ता कुत्र्याच्या पायांनाही सहन होणारा नाही. घरी कुत्रे पाळणाऱ्या सभासदांनी त्याला पहाटे किंवा दिवस मावळून रस्ता निवाल्यावरच फिरावयास न्यावे. बाजारातल्या कुत्र्याला मात्र अशी वेळ निवडता येत नाही. त्याच्यासाठी पायरीशेजारी सावलीची वीतभर जागा आणि पाण्याचे भांडे एवढे आपण सहज देऊ शकतो.

प्रत्येक लंगडणे जखमेचेच असते असे नव्हे, हेही जाणून घेणे अगत्याचे आहे. बोटांच्या बेचक्यात गोचिडी बसतात, कुसळे घुसतात, ओलाव्याने किंवा कातडीच्या विकाराने सूज येते आणि कुत्रा तो भाग चाटून चाटून लाल करतो. घरातल्या वृद्ध कुत्र्याची नखे झिजत नाहीत; ती वाकून गादीतच शिरतात. त्यातही पंजाच्या आतल्या बाजूचे वरचे नख जमिनीला टेकत नसल्याने हटकून विसरले जाते. उतारवयात गाद्या कडक होऊन भेगाळतात. परंतु तरुण कुत्र्याचे तळवे आणि नाक कडक होऊ लागले आणि त्याबरोबर ताप, डोळ्यांनाकांतून चिकट स्राव, अंगाला झटके अशी लक्षणे दिसली, तर तो डिस्टेंपर नावाचा विषाणुजन्य रोग असू शकतो. तेथे मलमाचा उपयोग नाही. अशा कुत्र्याला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. या रोगावर प्रतिबंधक लस आहे आणि पाळीव कुत्र्याला ती वेळेवर दिलीच पाहिजे.

जखम साधी असेल आणि कुत्रा परिचयाचा व शांत असेल, तर प्रथमोपचार कठीण नाही. अर्धा लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवावे आणि त्या पाण्याने पंजा धुवावा. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड पाचदहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. वर दिसणारा काटा अथवा पिन चिमट्याने काढावी. खोल रुतलेली काच ओढू नये, ते पशुवैद्याचे काम आहे. जखम धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून, फिकट चहाच्या रंगाचे करून लावावे. पट्टी बांधावयाची तर बोटांमध्ये थोडा कापूस ठेवून सैलसर बांधावी आणि ओली होताच बदलावी. करकचून बांधलेली किंवा भिजलेली पट्टी मूळ जखमेपेक्षा अधिक अपाय करते. तळवा भाजला असल्यास त्यावर दहा ते वीस मिनिटे गार पाणी सोडावे. बर्फ लावू नये.

काय करू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे. माणसाच्या औषधांच्या डब्यातील दुखणे थांबविणाऱ्या गोळ्या, मग ती पॅरासिटामॉल असो, आयबुप्रोफेन असो की डायक्लोफेनॅक, कुत्र्याला केव्हाही देऊ नये. त्यांपायी त्याच्या जठराला, यकृताला वा मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊन तो दगावू शकतो. दयाबुद्धीने दिलेले औषध विष ठरावे, याहून दुर्दैव कोणते? पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या की त्यावर रॉकेल किंवा फिनाईल ओतण्याची चाल अजून दिसते. त्याने उरलेसुरले मांस जळते आणि खोलवरच्या अळ्या तशाच राहतात. अळ्या पडलेली जखम, हाडापर्यंत गेलेली चीर, दोन दिवसांत न टेकलेला पाय, ही सारी पशुवैद्याकडे नेण्याची प्रकरणे होत. आपल्यापासून जवळच महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे इंदूरकरांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. वेदनेने व्याकूळ झालेला कुत्रा ओळखीच्या हातालाही चावतो. पंजाला हात लावण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने त्याला धरावे आणि मुलांना दूर ठेवावे. अनोळखी किंवा चवताळलेल्या कुत्र्याजवळ स्वतः न जाता जाणत्या माणसास बोलवावे. दात लागलाच तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी. या बाबतीत चालढकल प्राणघातक ठरते.

येथे एक आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. कुत्र्यांचा उपद्रव वाढला आहे, लहान मुलांना ती चावतात, गिऱ्हाइके घाबरतात. मग त्यांच्या पायांची उठाठेव कशाला? उपद्रवाची तक्रार खोटी नाही, आणि निर्बीजीकरण व लसीकरण नेटाने झालेच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु दुखऱ्या पायाचा कुत्रा पळू शकत नाही, म्हणून तो कोपऱ्यात दबून राहतो आणि कोणी जवळ आले की गुरगुरतो. चुकून कोणाचा पाय पडला की चावतो. त्याचे दुखणे कमी करणे हे त्याच्याइतकेच आपल्या गिऱ्हाइकाच्याही हिताचे आहे.

आपल्या श्रावकाचारात अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. ज्यात कोणाचेच प्रयोजन साधत नाही अशी हिंसा म्हणजे अनर्थदंड, आणि बेपर्वाईने वागणे, म्हणजेच प्रमादचर्या, हा त्याचाच एक प्रकार. रस्त्यावर भिरकावलेल्या काचेचा कोणाला काय लाभ? तिने चिरलेल्या पंजाचे पाप बिस्किटाच्या पुड्याने फिटते, असा हिशेब कोणत्या चोपडीत बसतो? आधी पायरी झाडावी, मग तुकडा घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून सभासदांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, प्रत्येक दुकानाने पिना, खिळे, पट्ट्या व काच यांच्यासाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवावा आणि तो नोकराकरवी रोज कचरागाडीत वेगळा द्यावा. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात अग्रेसर राहिलेल्या शहराला हे जड जाऊ नये. दुसरी, प्रत्येक गल्लीत एका तरी दुकानी कापूस, पट्टी, चिमटा, मीठ व पोव्हिडोन आयोडीन यांची पेटी असावी आणि तिच्या झाकणावर पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. तिसरी, रस्त्यावर राहणाऱ्या जखमी कुत्र्याची पट्टी टिकत नाही. चिखल, पाणी आणि त्याचे स्वतःचे दात ती तासाभरात उतरवतात. त्याला आठदहा दिवस कोरड्या जागी ठेवावे लागते. अशा चारदोन कुत्र्यांपुरती जागा आणि औषधाचा खर्च असोसिएशनने उचलावा. सणावाराला जीवदयेसाठी निघणाऱ्या रकमेतील अल्पसा अंश यास पुरेसा होईल.

यांतील पहिल्या गोष्टीला ठरावाची वा वर्गणीची गरज नाही. उद्या दुकान उघडताना हाती झाडू असतोच. तो पायरीखाली आणखी दोन हात पुढे न्यावा, म्हणजे झाले. सूज्ञांस अधिक सांगणे न लगे.